टोपली वाफ्यातच घडते

गेल्या आठवड्यात बाराव्या ओळीतला शेवटचा खुंट कापून झाला आणि या हिवाळ्याची विलोची कापणी संपली. महिन्याभरापूर्वी जिथे पिवळे, जांभळट आणि तपकिरी फोक माणसापेक्षा उंच होऊन वाऱ्यावर एकमेकांना घासत उभे होते, तिथे आता जमिनीलगत मुठीएवढे खुंट तेवढे दिसतात, आणि वर्षभराचा सगळा माल मोळ्या बांधून छपराखाली भिंतीशी उभा आहे. टोपल्या विणायला मी सुरुवात केली ती विकत आणलेल्या फोकांवर. त्या काळात टोपली वाकडी झाली, विणीत फट राहिली किंवा वळवताना फोक मोडला, की मी माझ्या हाताला बोल लावत असे. स्वतः विलो लावल्यावर आणि आता आठ कापण्या पाहिल्यावर माझे मत पुरते बदलले आहे. विणणाऱ्याचा हात महत्त्वाचा आहेच, पण टोपली सरळ उभी राहणार की नाही, तिचा काठ वळवताना तडकणार की नाही, हे बरेचसे विणायला बसण्याच्या कितीतरी आधी वाफ्यात ठरून गेलेले असते. म्हणून या वेळी विणीबद्दल थोडे आणि लावणी-कापणीबद्दल सविस्तर लिहिते आहे.

विलो म्हटले की आपल्याला आधी क्रिकेटची बॅट आठवते. बॅटचा विलो आणि टोपलीचा विलो एकाच प्रजातीतले, म्हणजे सॅलिक्समधले असले तरी त्यांची वाढवण्याची पद्धत एकमेकांच्या अगदी उलट आहे. बॅटसाठी एक खोड सरळ, जाड आणि बिनगाठीचे व्हावे म्हणून झाड पंधरा-वीस वर्षे राखतात. टोपलीसाठी मात्र झाडाला झाड होऊच द्यायचे नसते. दर हिवाळ्यात ते जमिनीपर्यंत कापायचे आणि पुढच्या हंगामात त्या खुंटातून जे लांब, सडपातळ धुमारे निघतील, त्यांनाच फोक म्हणून वापरायचे. सॅलिक्समध्ये सुमारे ४०० जाती आहेत. त्यांत उंच वृक्ष आहेत, बोटभर उंचीची, उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात जमिनीला चिकटून राहणारी झुडपे आहेत, आणि ओढ्याकाठी वाढणारा आपला वाळुंजही त्याच प्रजातीतला आहे. तळ्याकाठी शोभेसाठी लावतात तो लोंबत्या फांद्यांचा विलो पाहून अनेकांना वाटते की याच्याच टोपल्या होत असतील. पण टोपलीसाठी मुद्दाम लावण्यासारखा तो नाही.

टोपलीच्या कामाच्या जाती मोजक्याच आहेत, बाकी त्यांचे वाण आणि संकर. सॅलिक्स व्हिमिनॅलिस हा सगळ्यांत जोमदार. पाने लांब आणि अरुंद, त्यांची खालची बाजू रुपेरी, आणि जमीन चांगली असेल तर एका हंगामात फोक तीन मीटरपर्यंत जातो. त्याचे लाकूड मऊ असते आणि भेंड, म्हणजे मधला मऊ गाभा, जाड, त्यामुळे मोठ्या, रांगड्या टोपल्यांना तो उत्तम, पण नाजूक कामात दबतो. सॅलिक्स ट्रायअँड्राची पाने बदामाच्या पानांसारखी असतात, लाकूड घट्ट, भेंड बारीक. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या सखल, पाणथळ पट्ट्यात टोपलीच्या विलोची जी व्यापारी शेती झाली, तिचा मुख्य आधार असलेला ‘ब्लॅक मॉल’ हा वाण याच जातीचा. सॅलिक्स पर्प्युरिया मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. त्याचे फोक लांबीला कमी, पण बुडख्यापासून शेंड्यापर्यंत इतके सावकाश निमुळते होत जातात की बारीक विणीला दुसरे काही हातात घ्यावेसे वाटत नाही. त्याची साल अत्यंत कडू असते. हा कडूपणा बऱ्याच अंशी सॅलिसिन या द्रव्याचा, जे म्युनिकमध्ये योहान बुखनर यांनी १८२८ मध्ये विलोच्या सालीतून वेगळे काढले आणि ज्याच्या मागोव्यातूनच पुढे ॲस्पिरिनपर्यंत वाट गेली. माझ्या वाफ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की सशांनी ट्रायअँड्राचे कोवळे धुमारे कुरतडले तेव्हा शेजारच्या पर्प्युरियाच्या ओळीला त्यांनी जवळजवळ तोंड लावले नाही. चौथा सॅलिक्स अल्बाचा पिवळ्या सालीचा प्रकार; हिवाळ्यात तो उभा असताना सोन्यासारखा झळकतो, पण वाळल्यावर ते तेज बरेच मावळते, हे आधी माहीत असलेले बरे.

वाण निवडताना एक जुना संग्रह मला फार उपयोगी वाटतो. ब्रिस्टॉलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात विलोच्या वाणांचा जिवंत संग्रह सुरू झाला, आणि पुढे तो रॉथमस्टेड संशोधन संस्थेकडे गेला. एकाच वाणाला गावोगाव वेगळे नाव आणि एकाच नावाखाली दोन वेगळे वाण, असा गोंधळ या पिकात फार आहे; तेव्हा प्रत्येक वाणाचे ओळखता येणारे झाड जमिनीत उभे असणे ही मोठी सोय आहे. मी स्वतः शेवटी बारापैकी पाच ओळी ट्रायअँड्राच्या, चार पर्प्युरियाच्या, दोन व्हिमिनॅलिसच्या आणि एक अल्बाची ठेवली. आज पुन्हा लावायचे झाले तर व्हिमिनॅलिसची एक ओळ कमी करून ती जागा पर्प्युरियाला देईन.

जमिनीबाबत विलो फारसा चोखंदळ नाही, पण पाण्याबाबत आहे. उन्हाळ्यात ओल टिकवणारी जमीन त्याला हवी. रेताड, लवकर सुकणाऱ्या जागेत तो मरत नाही, मात्र फोक आखूड आणि काटक राहतात. उलट फार सुपीक, खत घातलेल्या जमिनीत फोक भराभर वाढतात, पण जाड, पोकळट आणि मोठ्या भेंडाचे होतात आणि वळवताना चपटतात. हिवाळ्यात काही दिवस पाणी साचले तरी विलोचे बिघडत नाही. म्हणूनच धान्याला नकोशी असलेली नदीकाठची सखल जमीन या पिकाला पिढ्यान् पिढ्या मिळत आली. त्या जमिनीची किंमत मात्र जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होती. रोमचा केटो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात शेतीबद्दल लिहिताना जमिनींची उतरंड लावतो, तेव्हा पहिला मान द्राक्षमळ्याला, दुसरा पाणी असलेल्या बागेला आणि तिसरा थेट विलोच्या वाफ्याला देतो. जैतुनाची बाग, कुरण आणि धान्याचे शेत त्याच्या खाली येतात. द्राक्षवेली बांधायला बंध आणि फळे वाहायला टोपल्या ज्याला दर हंगामात लागतात, त्याचा हा हिशेब आहे. जागा निवडताना एकच गोष्ट निक्षून सांगते: सांडपाण्याच्या नळांच्या आणि घराच्या पायाच्या जवळ विलो लावू नये. त्याची मुळे ओलाव्याचा माग काढत जातात आणि नळाच्या सांध्यातली बारीक चीरही त्यांना पुरते.

लावणी इतकी सोपी आहे की पहिल्यांदा करताना विश्वास बसत नाही. विलोच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीपासूनच सुप्त स्थितीत तयार असतात. कांडी ओल्या मातीत गेली की ते जागे होतात, त्याला ना औषध लागते ना रोपवाटिका. झाड सुप्तावस्थेत असताना, म्हणजे पानगळीनंतर आणि डोळे फुगण्याच्या आधी, वर्षभर वयाच्या निरोगी फोकाच्या २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या कांड्या कापायच्या. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी जास्त असावी. शेंड्याकडचा बारीक भाग घेऊ नये, त्यात साठा कमी असतो. कांडीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत आणि एक तृतीयांश वर राहील अशी ती सरळ दाबायची, डोळ्यांची टोके आकाशाकडे आहेत ना हे पाहून. मी कांडीचे खालचे टोक तिरपे आणि वरचे आडवे कापते, म्हणजे कडाक्याच्या थंडीत बोटे बधिर झाली असतानाही उलटसुलट होत नाही. जमीन कडक असेल तर आधी सळईने भोक पाडावे. जबरदस्तीने दाबली तर साल सोलवटते आणि नेमके मुळांचे अंकुर जखमी होतात.

दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि ओळीत दोन कांड्यांमध्ये ३० सेंटिमीटर, हे माझे अंतर आहे. पाहणाऱ्याला ते फार दाट वाटते, आणि ते मुद्दामच दाट असते. शेजारी गर्दी असली की प्रत्येक धुमारा उजेडासाठी सरळ वर धावतो, त्याच्या बाजूच्या डोळ्यांना सावलीत फुटायला वाव मिळत नाही, आणि त्यामुळे फोक बिनफांद्यांचा निघतो. याचा पुरावा माझ्या वाफ्याच्या कडेलाच आहे: पहिल्या आणि बाराव्या ओळीतल्या फोकांना बाहेरच्या, उजेडाच्या बाजूने दरवर्षी उपफांद्या येतात आणि आतल्या बाजूने येत नाहीत. उपफांदी छाटून टाकली म्हणजे काम झाले असे नसते. जिथे ती छाटली तिथे फोकात गाठ राहते, वळवताना गोलाई येण्याऐवजी नेमका तिथे कोन पडतो, आणि विणीत आलेला तो कोन पुढच्या प्रत्येक फेरीला ढकलत राहतो. विकतच्या फोकांवर शिकत असताना माझ्या टोपल्यांची एक बाजू फुगत असे. त्याचे कारण काय असावे, हे मला या दोन ओळींनी दाखवले.

लावणी सोपी असली तरी पहिले वर्ष सोपे नाही, आणि त्याचे कारण तण. कांडीला फुटलेली पहिली मुळे वरच्या थरात असतात आणि गवताची मुळेही तिथेच. ओलाव्यासाठी झुंज लागली तर गवत जिंकते. पहिल्या वसंतात मी ४०० कांड्या लावल्या आणि हाताने निंदणी करून भागेल असे धरून चालले. उन्हाळ्याच्या मध्यात तीन आठवडे वाफ्याकडे जाणे झाले नाही. परतले तेव्हा ओळी शोधाव्या लागल्या, आणि पानगळीपर्यंत शंभराहून अधिक कांड्या गेल्या होत्या. ज्या तगल्या त्यांचीही वाढ खुंटलेली होती. पुढच्या हिवाळ्यात मी सगळ्या वाफ्यावर विणलेले काळे तणरोधक कापड अंथरले, त्याला चिरा पाडून नव्या कांड्या लावल्या, आणि तेव्हापासून तण हा माझ्या मोठ्या काळजीचा विषय राहिलेला नाही. ज्यांना कापड नको असेल त्यांनी जाड पुठ्ठा आणि त्यावर पेंढ्याचे भरघोस आच्छादन करावे; पण काहीतरी करावेच. दोन-तीन वर्षांनी खुंट भक्कम झाले आणि पानांची सावली दाट पडू लागली की वाफा स्वतःच बऱ्यापैकी तण आवरतो.

पहिल्या हिवाळ्यात आणखी एक परीक्षा असते. वर्षभर जपलेल्या कांडीतून जेमतेम दोन-तीन धुमारे आलेले असतात, तेही वेडेवाकडे, फांद्या फुटलेले, आणि ते सगळे जमिनीपर्यंत कापून टाकायचे असतात. मला ते जिवावर आले. तणातून वाचलेल्यांपैकी निम्म्या ओळी मी कापल्या आणि निम्म्या, मुळे जोर धरतील या आशेने, राखल्या. राखलेल्या ओळींत पुढच्या वर्षी जुन्या धुमाऱ्यांच्याच बाजूच्या डोळ्यांतून आखूड फांद्यांचे झुबके आले. कापलेल्या खुंटांनी मात्र खालच्या सुप्त डोळ्यांतून पाच-सहा नवे, सरळ, लांब फोक दिले. वरचा शेंडा असेपर्यंत खालचे डोळे दबून राहतात आणि जमिनीखालची साठवण नव्या उंचीकडे न जाता जुन्या फांद्यांत वाटली जाते, हे पुस्तकी वाक्य मला त्या दोन ओळी शेजारी-शेजारी पाहून समजले. पूर्ण उत्पन्न साधारण तिसऱ्या हंगामापासून मिळते. नीट राखलेला वाफा त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे सहज देत राहतो.

उन्हाळ्यात काम कमी, पण नजर ठेवावी लागते. फोकाचा शेंडा हा त्याचा जीव आहे. तो कशानेही मेला की खालचे डोळे फुटतात आणि त्या फोकाचे झाडू होते. मावा, निळसर चकाकीचे विलोचे भुंगेरे, शेंड्यात अंडी घालून तिथे गुंडीसारखी गाठ करणारी बारीक माशी, ससे आणि हरणे, या सगळ्यांचे नुकसान अखेर एकाच ठिकाणी मोजायचे असते, ते म्हणजे शेंड्यात. पाने थोडी खाल्ली गेली तर मी काही करत नाही. रोगांत तांबेरा मुख्य. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसू लागते, पाने वेळेआधी गळतात आणि त्या वर्षीचे लाकूड नीट पक्के होत नाही. एका वाणाच्या सगळ्या कांड्या मुळात एकाच झाडाचे तुकडे असतात, म्हणून एकाला लागलेला तांबेरा अख्ख्या ओळीला सारखाच मानवतो. वेगवेगळ्या वाणांच्या ओळी आलटून-पालटून लावल्या तर त्याची धाव मंदावते. तांबेऱ्याच्या काही प्रकारांना आयुष्याचा अर्धा फेरा लार्च या सूचिपर्णी झाडावर काढावा लागतो, त्यामुळे जवळ लार्च असेल तर जास्त जागरूक राहावे. गळलेली रोगट पाने खुंटांपाशी कुजत ठेवू नयेत.

या पिकाची एक गोष्ट मला खटकत असे. विलोची मऊ, केसाळ फुलोऱ्याची बोंडे वसंताच्या अगदी सुरुवातीला येतात, जेव्हा मधमाश्यांना दुसरे फारसे काही नसते; पण ती गेल्या वर्षीच्या फोकांवर येतात, आणि आपण तर ते फोक हिवाळ्यातच कापून नेलेले असतात. त्यामुळे टोपलीचा वाफा जवळजवळ फुलतच नाही. मी आता प्रत्येक ओळीच्या टोकाचे दोन खुंट एका हिवाळ्याआड कापते. माश्यांना फूल मिळते आणि मला दोन वर्षांचे जाड, बळकट दांडे मिळतात, जे कडीसाठी आणि तळाच्या आडव्या काड्यांसाठी लागतातच.

आता कापणी. सगळी पाने गळून पडल्याखेरीज कोयता हातात घेऊ नये. पानगळीच्या आधीच्या आठवड्यांत झाड पानांतला नत्रासारखा जिन्नस परत आत ओढून खोडात आणि मुळांत साठवते. त्याआधी कापले तर आपण पुढच्या वर्षीची शिदोरीच कापून नेतो. आणि डोळे फुगायला लागण्याच्या आत काम उरकावे. या दोन मर्यादांच्या मध्ये थंडीचे जे कोरडे दिवस मिळतात ते कापणीचे. मी एका खुंटापाशी गुडघा टेकते, डाव्या हाताने फोकाला कवेत घेऊन किंचित बाहेर ताणते आणि उजव्या हातातला कोयता खालून वर, तिरपा ओढते. धार चांगली असेल तर एक छोटा, ओला ‘टच्’ असा आवाज येतो आणि फोक हातात मोकळा होतो. कापलेले तोंड हिरवट-पांढरे, मध्ये भेंडाचा बारीक ठिपका, आणि काकडीसारखा थंड, किंचित कडवट वास. धार गेली असेल तर तो आवाज येत नाही, साल चिरत खाली जाते आणि तिथून पाणी मुरून खुंट सडतो. ज्यांना कोयत्याची सवय नाही त्यांनी सरळ सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, वापरावे, फक्त त्याची बोथट बाजू खुंटाकडे येऊ देऊ नये. काप खुंटाला शक्य तितका लगत हवा. बोटभर जरी ठूण राहिले तरी पुढचे धुमारे त्या ठुणाच्या बाजूने फुटून बुडख्याशी वाकडे होतात, ठुणे साठत जाऊन खुंट दरवर्षी उंच होतो आणि त्या बेचक्यांत किडी हिवाळा काढतात. मोठ्या खुंटाला वीसेक फोक असतात. मरतुकडे, बोटाएवढे आखूड धुमारेही मी कापते, ठेवून देत नाही.

कापणीनंतरची प्रतवारी हे माझे सर्वांत आवडते काम आहे. एका पिंपात मोळी उभी करायची, सगळे बुडखे तळाशी एका पातळीत येतील अशी दोनदा आपटायची आणि शेजारी फुटांच्या खुणा केलेली उभी पट्टी लावायची. मग शेंड्यांकडून हात घालून आधी सर्वांत लांब फोक उपसायचे, मग त्याखालच्या लांबीचे, असे आठ फुटांपासून तीन फुटांपर्यंत उतरत यायचे. प्रत्येक लांबीची वेगळी मोळी, तिच्यावर वाण आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी. ही खटपट वायफळ नाही. टोपलीतले उभे फोक सारख्या लांबीचे म्हणजेच साधारण सारख्या जाडीचे असले, तरच आडवी वीण सगळीकडे सारखी दाबली जाते. एक उभा फोक शेजाऱ्यांपेक्षा लेचापेचा निघाला तर वीण त्याला आत ओढते आणि टोपलीला तिथे खळगा पडतो. बांबूच्या कामात चिरून, तासून सारख्या रुंदीच्या कामट्या काढता येतात. विलोचा फोक अखंडच विणायचा असतो, त्यामुळे सारखेपणा आणायला निवडीवाचून दुसरा उपाय नाही.

ताजा फोक सुंदर वळतो, म्हणून लगेच विणायचा मोह होतो. पहिल्या खऱ्या पिकाच्या वर्षी मी तेच केले. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी एक गोल टोपली विणली, घट्ट, कुठे फट नाही. दोन महिन्यांत ती खुळखुळू लागली; उभे फोक विणीतून हाताने वर-खाली सरकत होते. ताज्या फोकाच्या वजनात जवळपास निम्मे पाणीच असते, आणि ते गेले की प्रत्येक फोक बारीक होतो व त्यांच्यामधल्या फटी उघड्या पडतात. म्हणून फोक आधी पुरते वाळवायचे आणि विणण्यापूर्वी पुन्हा भिजवायचे. वाळलेला फोक भिजून मऊ होतो, पण ताज्याइतका फुगत नाही. वाळवताना मोळ्या उभ्या, हवेशीर जागी, ऊन-पावसाच्या आड ठेवाव्यात. उन्हात घाई केली तर साल सुरकुतते आणि शेंडे ठिसूळ होतात. मी कापणीपासून पुढच्या पानगळीपर्यंत त्यांना हात लावत नाही.

सालीसकट वाळलेल्या फोकाला भिजवण्याचा ठोकताळा फुटामागे एक दिवस असा आहे. पाच फुटी मोळी थंड पाण्यात पाच दिवस, उन्हाळ्यात थोडी कमी. मोळी पाण्यावर तरंगते, तेव्हा वर दगड ठेवून ती पूर्ण बुडवावी. मग बाहेर काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर मुरत ठेवावी. हे मुरवणे अनेकजण टाळतात आणि तिथेच फसतात: पाण्यातून काढलेल्या फोकाची साल ओली आणि आतले लाकूड अजून कडक असते, मुरताना ओल सावकाश आत पसरते. मी सकाळी एक फोक उचलून बुडख्याकडचा भाग अंगठ्यावर वळवून पाहते. तडकल्याचा आवाज आला तर मोळी पुन्हा गोणपाटात. जास्त दिवस भिजले तर साल बुळबुळीत होऊन निसटते, आणि दोन-तीन दिवसांत वापरले नाही तर बुरशी धरते, म्हणून एका बैठकीला पुरतील एवढेच भिजवावे. विणून वाळल्यावरही विलोत जो लवचिकपणा राहतो, त्यामुळेच दुसऱ्या महायुद्धात विमानातून हवाई छत्रीने सामान टाकायला विलोचे पेटारे वापरले गेले, आणि आजही गरम हवेच्या फुग्यांना टांगलेल्या टोपल्या वेताच्या आणि विलोच्या विणतात. जमिनीवर आदळताना अशी टोपली थोडी दबते, कुरकुरते आणि धक्का स्वतःत जिरवते.

पांढऱ्या फोकांची रीत निराळी आहे. त्यासाठी हिवाळ्यात कापलेल्या मोळ्या वाळवायच्या नाहीत, वीतभर पाण्यात उभ्या करून ठेवायच्या. वसंतात त्यांना वाटते आपण अजून झाडच आहोत. रस चढतो, डोळे फुटतात, बुडख्याला पांढरी मुळेही येतात. या वेळी साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर कोवळा, पाणीदार असतो, आणि फोक लोखंडी चिमट्यातून एका दमात ओढला की साल दोन लांब फितींत सुटून येते. आत जे लाकूड दिसते ते ओलेकच्च, निसरडे, हस्तिदंती रंगाचे असते, आणि हवा लागताच सुकू लागते. हा हंगाम दोन-तीन आठवड्यांचाच. तिसरा प्रकार बदामी फोकांचा: मोळ्या सालीसकट काही तास उकळायच्या, म्हणजे सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य लाकडात उतरून त्याला कायमचा तांबूस रंग येतो, आणि मग सोलायचे. सोललेले फोक, पांढरे असोत की बदामी, भिजायला काही दिवस नव्हे तर काही तासच लागतात. माझ्याकडे एवढी मोठी कढई नसल्याने बदामी फोक मी अद्याप केलेले नाहीत. पांढऱ्यासाठी मात्र या वर्षी ट्रायअँड्राच्या तीन मोळ्या पाण्यात उभ्या केल्या आहेत.

आज सकाळी जाड बुडख्यांच्या कांड्या कापून झाल्या. पर्प्युरियाच्या चौथ्या ओळीत गेल्या उन्हाळ्यात सात खुंट मेले, आणि जुन्या खुंटांच्या सावलीत नवी कांडी सहसा मागे पडते, म्हणून तिथे मी प्रत्येक जागी नेहमीपेक्षा लांब, हातभर लांबीच्या दोन-दोन कांड्या खोल दाबल्या. चौदा कांड्या, डोळे वर. जी जोडीतली सरस निघेल ती राहील, दुसरी पुढच्या हिवाळ्यात काढेन. माती अजून इतकी गार आहे की कांडीभोवती ती दाबून झाल्यावर बराच वेळ बोटे उघडत नव्हती.